उन्हाकडं पाठ

मांस सुजतंय, कातडं लाल व्हतंय, ताप आला तर आंग सांगतंय. हाड तसं न्हाई. हाड आतल्या आत मोडतंय आन् गप पडून ऱ्हातंय. त्येला बोलतं कराया डाक्टर लागतोय, आन् कवा कवा डाक्टरला बी उमजत न्हाई. हाडं मोडलेल्या बायांच्या खोलीत मी आया म्हणून जन्म काढला, तवा मला येवढं कळलं. दुसरं काय कळलं नसंल.

माझी नातसून शाळंत शिकवती. ती म्हणली, "आजी, दिवाळीच्या अंकात लोकं आपल्या कामाचं लिवत्यात. तुमी सांगा, मी उतरून घेते." मी म्हणलं, आगं मी काय डाक्टर व्हते व्हय? भांडी उचलली, पट्ट्या धुतल्या. ती म्हणली, त्येच सांगा. तर सांगते.

कवठे महांकाळच्या अंगाला आमचं गाव. पाण्याचा ठणठणाट. विहीर आणखी खोल पाडाय घेतली व्हती, आन् सुरुंगाचा धोंडा मालकाच्या कंबरंवर आला. बैलगाडीत पेंढा टाकून, त्येच्यावर निजवून सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. थोडं दिस काढलं त्यांनी. मग गेले. दीर म्हणला, "चल गावाला." मी म्हणलं, तिथं काय हाय? पोरगा कडंवर व्हता. मोठ्या सिस्टरनं इचारलं, "रक्ताची फडकी धुशील का?" मी म्हणलं, धुते. तवापास्नं तिथंच ऱ्हायले.

हाडाच्या खोलीचं काम भाइरच्या माणसाला ठावं नसतंय, म्हणून सांगते. जाळीच्या कापडाची पट्टी घ्यायची, तिच्यात पांढरी भुकटी चोळायची, वळकटी करायची. डाक्टरनं हाक मारली की बादलीत सोडायची. बुडबुडं यायचं थांबलं की हलक्या हातानं पिळून द्यायची. जास्ती पिळली तर पलिस्तर धरत न्हाई, कमी पिळली तर गळतंय. मांडीचं हाड मोडलं तर पलिस्तरानं भागत न्हाई. मांडीचं मांस लय ताकदीचं, त्ये मोडकी टोकं एकावर एक वढून घेतंय. म्हणून पायाला दोरी बांधून, खाटंच्या टोकाला चाकावरनं नेऊन, वजन टांगायचं. तवा लढाईचं दिस. लोखंडी वजनं मिळंनात, तर आमी विटा टांगायचो. नवा माणूस आत आला की म्हणायचा, "हितं बांधकाम चाललंय का वो?"

माणसं बी एकेक यायची. एक पैलवान हाताला पलिस्तर घालून घरी गेला. महिन्यात परत आला, पलिस्तराचा चुरा, आन् संगट डोकं फुटलेला दुसरा पैलवान. जत्रंत कुस्ती लागली व्हती म्हणं. आमच्या खोलीच्या डाक्टरीणबाईंनी दोघांना पलीकडं बाप्यांच्या खोलीत शेजारशेजारच्या खाटा द्यायला लावल्या. दोघं रोज सकाळी भांडायची आन् दुपारी एका ताटात जेवायची. आन् एक पोरगी आली व्हती, गावच्या हाडं बसवणाऱ्यानं हात बांबूच्या कामट्यांनी आवळून बांधलेला. कामट्या बांधणं वाईट न्हवं. जाणता असला तर झकास बसवायचा. पर आवळून बांधलं की हात काळा पडतोय. त्या पोरीचा हात कोपरापास्नं काढला. शुद्धीवर आली तवा तिनं मला इचारलं, "माज्या बांगड्या कुठं हायत?" त्ये अजून माज्या कानात हाय.

पर सांगायचीय बायजामावशीची गोष्ट. ती आठवली की जिवाला जरा बरं वाटतंय.

मावशी लोणंदच्या पलीकडची. खाटंसकट आगगाडीच्या सामानाच्या डब्यात घालून आणलेली. साठीच्या आसपास वय, कुणब्याची बाई, हाताला घट्टे. कवातरी उंच, ताठ असणार, आता पाय पोटाशी घेऊन निजलेली. घरात पाटावर बसली व्हती, उठाय गेली, आन् मांडीत काडकन आवाज झाला. ना पडली, ना घसरली. नुसती उठली.

संगट दोन माणसं. एक सून, हौसा. अंगानं काटकुळी, पदर कपाळाच्या खाली वढलेला, सासूची वाकळ दोन्ही हातांनी धरून उभी. दुसरा चुलत दीर, दाजीबा. डोईला ह्ये मोठं पागुटं, भावकीत त्येचा शब्द चालायचा. मावशीचा मालक कवाच गेलेला. एकच ल्योक, शंकर, तो पलटणीत, ब्रह्मदेशाकडं लढाईवर. म्हणून घराचं बरंवाईट दाजीबाच बघायचा.

दाजीबा डाक्टरीणबाईंच्या समोरच बोलला. "बाईसाएब, लाज वाटती सांगाया. पर ही सून म्हातारीला मारती. पयला हात मोडला. मग कुशीत दुखतंय म्हणाय लागली. आता मांडी. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवती. दारात दुभती म्हस हाय, पर म्हातारीच्या पोटात दुधाचा थेंब न्हाई. इचारा तिला."

मावशी खाटंवरनं म्हणली, "भावजी, तिनं मला हात लावला न्हाई."

"वैनी, तुला तिच्याच हातचं खायाचंय, तू काय बोलणार?"

मी हौसाला बादली दावायला भाइर नेलं आन् इचारलं, "खरं काय गं?"

ती म्हणली, "अंधाऱ्या खोलीत बसत्यात, खरं हाय. दूध घेत न्हाईत, खरं हाय. मी हात लावला न्हाई, त्ये बी खरं हाय. आता ह्यातलं कुठलं खरं धरायचं त्ये तुमी धरा."

आवाज चढवला न्हाई, रडली न्हाई. बादली उचलली आन् आत गेली. मी कुणाचीच बाजू धरली न्हाई. ह्या खोलीत सासू सुनंचं नाव घेती, सून सासूचं, आन् पलिस्तर मातुर दोघींना सारखंच लागतंय.

आतल्या हाडांचा फोटू काढला. फोटूची काच ओलीच व्हती, डाक्टरीणबाईंनी खिडकीला धरून बघितली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बरगड्यांना जुन्या मोडी, काही धड भरलेल्या न्हाईत. कंबरंच्या हाडात चिरा. मांडी तर तुटलेलीच. त्या आपल्याशीच बोलल्यावानी म्हणल्या, "हे एका दिवसाचं नाही. वरचेवर मोडत आलंय."

दाजीबा दारातच उभा. त्यानं येवढंच ऐकलं. "बगा. फोटू खोटं बोलत न्हाई." मग हौसाकडं वळला. "पोरगं माज्या घरी हाय, तिथंच ऱ्हाईल. म्होरल्या बाजारच्या दिशी मी भावकीतलं दोघं घेऊन येतो. तुजा भाऊ येईल, तुला म्हायेरी घेऊन जाईल. शंकरला मी कारड टाकलंय, बायको आईचं काय करती त्ये त्याला कळू दे."

हौसाचं पोरगं पाच-सा वर्साचं, बाप लढाईला गेला तवा रांगत व्हतं. तिनं दाजीबाकडं बघितलं न्हाई. सासूची उशी नीट केली. 

मावशीच्या पायाला विटा टांगल्या. मोडलं त्ये बसवायचं काम सोपं हाय. का मोडलं त्ये सापडंना. नुसतं पाटावरनं उठून मांडी मोडती म्हंजी हाडात आधीच कायतरी शिरलेलं असतंय. डाक्टरीणबाईंना क्षयाची भीती व्हती. म्हाताऱ्या माणसात तो हाडात शिरतोय. त्याहून वाईट म्हंजी कुठंतरी गाठ असायची आन् तिचं इष हाडात उतरायचं. तसं असलं तर इलाजच न्हाई. त्यांनी मावशीचं आंग चाचपलं, रक्त तपासलं, छातीचा फोटू काढला. काय सापडलं न्हाई. पर न्हाई सापडलं म्हणून न्हाईच, असं त्या म्हणायच्या न्हाईत.

एक दिस त्या त्याच काचा परत घेऊन बसल्या. मला हाक मारली, काच नीट धराया. म्हणल्या, "कोंडाबाई, हे बघ. कंबरेला उजवीकडं ही चीर. आता डावीकडं बघ. त्याच जागी तशीच चीर. खांद्याच्या हाडालाही तसंच. मारणारा माणूस उजवीकडं एक, डावीकडं एक असं मोजून मारत नाही."

मी म्हणलं, "मग मारलेलं न्हाई?"

"मला तसं वाटतंय. पण मग काय, ते सांगता यायला हवं. नुसतं वाटतंय म्हणून तो पागोटेवाला ऐकायचा नाही."

त्यांनी मला समजावून सांगितलं, मला कळंल असं. हाड म्हंजी कुडाची भिंत धर. आत काटक्या, वर चुना. चुना नसला तर काटक्या लवत्यात, चिरा पडत्यात, आन् एक दिस भिंत बसती. आता पोटात चुना जातोय दूधदुभत्यातनं. पर पोटातला चुना हाडाला चिकटायचा तर अंगाला ऊन लागावं लागतंय. आधी त्या उत्तरंकडं नोकरीला व्हत्या, तिथं वाड्यातल्या पडद्यातल्या बायांची हाडं अशी मऊ झालेली त्यांनी बघितलेली. जन्मात ऊन न बघितलेल्या बाया.

"पण ही तर शेतकरीण," त्या म्हणल्या. "हिला उन्हाचा काय दुष्काळ?"

त्यांनी मावशीला जाऊन इचारलं बी. "मावशी, उन्हात जाता ना?"

मावशी म्हणली, "उन्हातच जन्म गेला, बाई."

खोटं बोलली न्हाई. जन्म उन्हातच गेला व्हता. डाक्टरीणबाईंनी तो इचार सोडून दिला.

आमच्याकडं दिवाळीच्या आधी खोलीला चुना मारायचे. समद्या खाटा सकाळच्या भाइर सोप्यात काढायच्या, विटा टांगलेल्या खाटा बी तशाच हळूहळू ढकलत. बायांना त्ये आवडायचं, तेवढंच झाड, रस्ता दिसायचा. मावशीची खाट मी भाइर काढली, आन् सोप्याच्या कडंला ऊन व्हतं तिथं लावली. मावशीनं वाकळ वढून तोंडावर घेतली. म्हणलं, डोळं दिपलं असतील. वाकळ काढाय गेले तर तिनं माजं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात येवढा जोर असंल असं वाटलं न्हवतं.

"मला आत न्या."

"मावशी, आत चुना चाललाय."

"चुन्यात न्या. पर आत न्या."

हौसा धावत आली. आमी दोघींनी खाट भिंतीच्या सावलीला लावली, तवा कुठं तिनं तोंड उघडं केलं. तिच्या तोंडाकडं मी तवा नीट बघितलं. टोपल्याखाली ऱ्हायलेला कोंब कसा असतोय, पांढरा-पिवळा, तसं तोंड. हाताला घट्टे शेतकरणीचे, आन् कातडं असं.

डाक्टरीणबाईंची एक रीत व्हती. खोलीत आल्या की आधी मला इचारायच्या, "कोंडाबाई, काय खाल्लं, काय टाकलं?" मी सांगितलं: मावशीला दिलेलं दूध रोज शेजारच्या खाटंवरच्या पोरीच्या पोटात जातंय. आन् आज सोप्यात असं असं झालं. त्या येवढं ऐकून तशाच मावशीकडं गेल्या, तिच्या दंडावरची चोळी वर सारली, कातडं बघितलं. मग खाटंच्या कडंला बसल्या. डाक्टर खाटंवर बसत न्हाईत, त्या दिशी बसल्या.

"मावशी, किती दिवस ऊन बघितलं नाही?"

मावशीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"दूध का सोडलंय?"

मावशीनं दंडावरची चोळी खाली वढली.

"तुम्हाला असाध्य काही झालेलं नाही. ऊन आणि दूध, आणि एक तेल मी देते. हाडं पुन्हा धरतील. पण कारण सांगा. नाहीतर बाजारच्या दिवशी तुमच्या सुनेला घेऊन जातील."

मावशीच्या डोळ्यातनं पाणी आलं, कानाकडं वघळलं. पर तोंड उघडलं न्हाई. डाक्टरीणबाई उठल्या. भाइर येऊन मला म्हणल्या, "रोग मला सापडला, कोंडाबाई. पण रोग का झाला ते ती सांगत नाही, आणि त्याच्याशिवाय ती सून सुटत नाही."

मला थोडं थोडं कळलं व्हतं. आमच्याकडं असं हाय, देवापाशी नवस बोलला तर तो दुसऱ्याला सांगायचा न्हाई. सांगितला की त्येचं बळ जातंय. ज्येच्यासाठी बोलला त्येच्यावर उलटतंय. म्हातारी काय उगीच गप बसली न्हवती. तिच्या एका हातात सून व्हती आन् एका हातात ल्योक. तोंड उघडलं तर ल्योक जातोय, न्हाई उघडलं तर सून. मी हौसाला काय बोलले न्हाई. त्ये बोलणं माजं न्हवतं.

बाजारचा दिस आला. दाजीबा दोघं म्हातारे घेऊन दुपारचा आला. हौसाचा भाऊ बी आला, खाली मान घालून दारापाशी उभा. एक म्हातारा म्हणला, "वैनी, आमी तुज्या डोळ्यादेखत करतोय, नंतर म्हणू नगंस. हौसा, तुजं काय म्हणणं आसंल तर आत्ताच बोल."

डाक्टरीणबाई बोलाय लागल्या. हाड कसं मऊ झालंय, दोन्हीकडं सारख्या चिरा कशा, समदं सांगितलं. माणसं ऐकत व्हती, पर तोंडं बदलली न्हाईत. दाजीबा म्हणला, "बाईसाएब, व्हय. उनात न सोडून आन् दूध न देऊनच हाडं मऊ झाली. मी बी त्येच म्हणतोय. मारलं न्हाई, कोंडून मारलं."

 त्येचं बोलणं डाक्टरीणबाईंच्याच बोलण्यातनं निघालं व्हतं.

तवा हौसा म्होरं आली. सासूच्या उशाशी खाली बसली. माणसांकडं पाठ.

"आत्याबाई, तुमी बोलू नगा. तुमी बोलायचं न्हाई त्ये मला ठावं हाय. मी बोलते. मी चुकले तर मान हलवा. न्हाई चुकले तर मान हलवू नगा."

भावकीतली माणसं खाटंपाशी सरकली.

"ह्ये लढाईला गेले त्या दिशी तुमी ठेसनावरनं आला, आन् माजघरात जाऊन बसला. मला वाटलं, दुःखानं बसला. मग रोजच बसाय लागला. पाटं झुंजुमुंजुला परसाकडं जायाचा, दिस उगवायच्या आत घरात. सांजचं दिस बुडल्यावर भाइर. मळ्यात न्हाई, देवळात न्हाई. दूध दिलं तर मांजराला घातलं. मला वाटलं, माज्या हातचं नगं झालं. कुणाला सांगू? पर त्या दिशी सोप्यात तुमी तोंडावर वाकळ घेतली. हात उघडा ऱ्हायला, पाय उघडं ऱ्हायलं, त्येचं काय न्हवतं. नुसतं तोंड झाकलं. तवा मला कळलं."

तिनं सासूची वाकळ खांद्यापत्तर वढली. 

"तुमी देवाला म्हणला असाल, माज्या लेकाचं तोंड दिसंस्तवर मी सूर्व्याचं तोंड बघणार न्हाई. दुधातुपाला शिवणार न्हाई. म्हणला ना?"

समदी मावशीकडं बघत व्हती. मावशीनं डोळं मिटलं. मान हलवली न्हाई.  मग तिचा हात वाकळंतनं भाइर आला आन् हौसाच्या डोईवर पडला.

दाजीबा मटकन खाली बसला. पागुटं काढून मांडीवर ठेवलं. त्येच्या डोक्याला टक्कल हाय त्ये तवा कळलं.

"आगं पर मला सांगायचं व्हतंस, हौसा."

"काय सांगू, मामंजी? मला तरी कुठं ठावं व्हतं."

एक म्हातारा म्हणला, "हिनं तोंडानं सांगितला न्हाई. वळखला गेला तर दोष न्हाई. नवस शाबूत हाय." दुसऱ्यानं बी मान डोलावली. हौसाचा भाऊ दारातनं आत आला आन् काय करावं कळंना म्हणून बहिणीच्या हातातला तांब्या घेऊन पाणी आणाय गेला.

तरी अडचण सुटली न्हवती. डाक्टरीणबाई म्हणल्या, "आता ऊन आणि दूध?" मावशी पयल्यांदाच बोलली. "शंकरचं तोंड बघंस्तवर न्हाई. हाडं गेली तर गेली."

हौसा म्हणली, "आत्याबाई, नवस तोंडाचा हाय. हातापायाचा न्हाई, पाठीचा न्हाई. तोंड पदरात झाका आन् बाकी आंग उनात ठेवा. तुमी कुठं सूर्व्याला बघताय? त्यो तुमाला बघंल."

"आन् दूध?"

"दूध मी सोडते. तुमच्या वाटचा नवस मी उचलते. ल्योक तुमचा हाय तसा नवरा माजा बी हाय."

मावशी तिच्याकडं बघत ऱ्हायली. मग माज्याकडं वळली. "कोंडा, देवाला फसवल्यासारखं व्हतंय का गं?"

मला का इचारलं कुणास ठावं. मी म्हणलं, "मावशी, मी मालकासाठी लय नवस बोलले व्हते. पावले न्हाईत. देवावर माजा राग न्हाई. पर तुमचा ल्योक परत येणार, आन् तुमी अशा मोडून पडलेल्या. त्येनं काय बघायचं?"

नवस उचलायचा तर भंडारा लागतोय. दवाखान्यात भंडारा कुठला? मी सैपाकघरातनं हळदीची चिमूट आणली. मावशीनं हौसाच्या कपाळाला लावली, हौसानं सासूच्या पायाला हात लावून कपाळाला नेला. झालं. डाक्टरीणबाई उभ्या राहून बघत व्हत्या. म्हणल्या, "तुमची हळद झाली, आता माझं तेल." त्यांनी माशाच्या तेलाची बाटली आणली. खोलीत घाण वास सुटला. मावशीनं चमचा घेतला, तोंड कसंबी केलं आन् म्हणली, "ह्ये पिण्याचा नवस बोलले असते तर देव कवाच पावला असता."

दाजीबा हसला. मग समदीच हसली. मी बी.

तवापास्नं रोज सकाळी मावशीची खाट सोप्यात. पयलं पायाला विटा व्हत्या तवर उताणीच, तोंडावर पदर, हातपाय उनात. येणारी-जाणारी घाबरायची, त्यांना वाटायचं कोण गेलं. मी सांगायचे, जित्ती हाय, जरा बोलून बघा. मावशी पदराखालनं बोलायची, "कोण हाय?" हाड धरायला लय दिस लागलं, तरण्या माणसाच्या दुप्पट. पर धरलं. मग विटा सोडल्या. मग बसाय लागली. बाजंवर बसायची उन्हाकडं पाठ करून, समोर भिंत. खांद्याचं, कुशीचं दुखणं गेलं. फोटू परत काढला, तर चिरा बुजत आलेल्या. डाक्टरीणबाईंनी मला बोलवून काच दावली. मला काय त्यातलं कळतंय, पर त्यांचं तोंड बघून कळलं.

हौसा सासूपाशीच ऱ्हायली. दाजीबानं तिचं पोरगं आणून सोडलं, येताना गूळ, शेंगा. बायांचा च्या करायची, आपल्याला काळा घ्यायची. मी म्हणायचे, "आगं कसा पितीस?" ती म्हणायची, "सवय झाली." झाली न्हवती. पयला घोट घेताना डोळं मिटायची.

लढाई थांबली. पलटणी परत याय लागल्या. एका सकाळी मी सोपा झाडत व्हते, तर फाटकातनं खाकी कपड्यातला माणूस आला. खांद्यावर पिशवी, तोंड रापलेलं, डोळं खोल. हौसा हातात तांब्या घेऊन पायरीवर उभी. तिनं वळखलं आन् जागच्या जागी थांबली. तो बी थांबला. पर तिच्याशी बोलला न्हाई. मला इचारलं, "बायजाबाई कुठल्या खोलीत?"

दाजीबाचं पयलं कारड त्याला पोचलं व्हतं. खरं काय त्ये सांगणारं दुसरं कारड दाजीबानं मागनं टाकलं, त्ये पोचलं न्हवतं. तो बायकोकडं न बघताच वर चढला. हौसानं पदर कपाळावर वढून घेतला आन् मागं सरली.

मी बोट केलं. मावशी बाजंवर उन्हाकडं पाठ करून बसलेली. तो वळसा घालून तिच्या समोर गेला. सकाळचं ऊन समोरनं त्याच्या तोंडावर पडलं.

"आये."

मावशीनं पदर वर केला. बघितलं. किती वेळ बघितलं सांगता येत न्हाई. हात वर करून त्याच्या गालाला लावला, हनवटीला लावला, गळ्याला लावला. मग म्हणली, "बाज फिरवा."

त्याला काय कळंना. मी झाडू टाकला, पर माज्या आधी हौसा आली. तिनं बाजंची एक बाजू धरली. दुसऱ्या बाजूला तोच व्हता. दोघांनी एकदम उचलली, म्हातारीसकट, आन् सूर्व्याकडं तोंड करून ठेवली. मावशीनं डोळं उघडलं, लगीच मिटलं, परत उघडलं. पाणी वाहत व्हतं, उन्हानं का कशानं.

"आये," शंकर म्हणला, "दाजीबाकाकानं लिवलं व्हतं, ही तुला..."

"भावजीचं ऱ्हाऊ दे. समदं सांगते. आदी हिला च्या द्या. दुधाचा."

मी सैपाकघरात गेले. च्यात दूध जरा जास्तीच घातलं. कप आणून हौसाच्या हातात दिला. शंकर एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत ऱ्हायला. हौसानं कप तोंडाशी नेला, आन् प्यायच्या आधी सासूकडं बघितलं.

म्हातारी उन्हात बसली व्हती. तिनं मान हलवली न्हाई.